सरळ कडेचा डाग

शटर अर्धं वर करून जलील वाकून आत शिरला आणि ट्यूब लावायच्या आधीच त्याला डाग दिसला. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा निळा दिवा सकाळी सातला आपोआप लागतो. त्या उजेडात मोठी क्लाउन मासोळी काचेपाशी येऊन उभी होती, रोज खाण्यासाठी येते तशीच, आणि तिच्या डाव्या कुशीवर, गळ्याजवळचा पांढरा पट्टा संपून नारिंगी सुरू होतो तिथं, काहीतरी काळं होतं. तव्याच्या बुडाला बोट लावून ते कुणीतरी तिच्या अंगाला पुसावं, तसं. शेपटीकडं आणखी एक होता, जरा पुसट. जलील घाबरला नाही. बावीस वर्षं मासे विकणारा माणूस एका काळ्या डागाला घाबरत नसतो. त्यानं चष्मा शर्टाला पुसून डोळ्यांवर चढवला, काचेला नाक लावून पाहिलं आणि सवयीनं, मोठ्यानं, रिकाम्या दुकानात म्हणाला, "जाईल आपोआप." आणि ते ऐकून त्याचाच हात थांबला. खाण्याच्या डबीचं झाकण अर्धं फिरवलेलं तसंच राहिलं. हे दोन शब्द तो दिवसातून चारदा तरी म्हणत असेल, पण ह्या वेळी ते बाहेरून कानावर आले, दुसऱ्याच कुणी म्हटल्यासारखे. ह्याच आवाजात, इतक्याच सहजपणानं आपण ते घरात कुणाला म्हणालो होतो हे त्याला आठवलं, आणि सकाळी सकाळी ते आठवायला नको होतं असंही वाटलं.

भोरसारख्या गावात खाऱ्या पाण्याचं दुकान म्हणजे तशी थट्टेचीच गोष्ट. समुद्र वरंध्याच्या घाटाखाली, तिथूनही पुढं लांब. इथं आपला डोंगर, भात आणि नीरेचं गोड पाणी. तरी जलील निळ्या पिंपात समुद्राचं मीठ कालवून पिंपभर समुद्र तयार करायचा, आणि स्टँडवरचे रिक्षावाले त्याला दर्यावाले जलीलभाई म्हणायचे. दुकान चालायचं ते गोल्डफिश आणि गप्पींवर. खारी टाकी एकच होती, ती हौसेची. तिच्यात हे क्लाउनचं जोडपं होतं. मोठी ती मादी, धाकटा तो नर. मादी जरा वळून बघायला लागली की नर सगळं अंग थरथरवून तिला नमस्कार केल्यासारखं करायचा, आणि गिऱ्हाईक बायका हसून नवऱ्याकडं बघायच्या. क्लाउनच्या बाबतीत जलीलचा शब्द भोर-वेल्ह्यात शेवटचा होता, म्हणजे दुसरं कुणी बोलणारंच नव्हतं म्हणा. फार्महाऊसवाले, एक दातांचे डॉक्टर, हायवेवरचं एखादं रिसॉर्ट, सगळे मोबाईलवर फोटो पाठवायचे: मासा काळा पडलाय, काय औषध टाकू? आणि जलील फोन करून सांगायचा, काही टाकू नका, हात लावू नका, जाईल आपोआप. हे शहाणपण त्याला सहज आलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी त्याच्याच टाकीत पहिल्या जोडप्याच्या अंगावर असे डाग उठले होते, तेव्हा त्यानं रोग समजून पाण्यात औषध ओतलं आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे तळाशी आडवे झाले. रोग नव्हताच. मासे नुकते फुलात राहायला गेले होते. फूल म्हणजे खरं तर फूल नव्हे, तो एक प्राणीच, अनिमोन. पण दिसायला शेवंतीसारखा, म्हणून दुकानात सगळे त्याला फूल म्हणायचे. त्याच्या पाकळ्यांना विष असतं. दुसरा मासा अडकला तर मरतो, क्लाउन मात्र त्यातच घर करतो. पण पहिल्या दिवसापासून नव्हे. आधी शेपूट लावून बघतो, मग पोट, डंख सोसतो, अंग काळं पडतं, आणि काही आठवड्यांत फुलाची सवय झाली की डाग निघून जातात. घर लागू पडल्याची खूण आहे ती, असं जलील सगळ्यांना सांगायचा. हे सांगताना त्याला फार बरं वाटायचं. घाई करून मारलेल्या त्या दोन माशांची जणू भरपाई व्हायची.

लग्नानंतरचे पाच शुक्रवार लेकीनं जावयासह माहेरी जेवायला यायचं, ह्याला त्यांच्यात जुमागी म्हणतात. जलीलच्या लेकीचं, सदफचं, लग्न जानेवारीत झालं, शिवऱ्याला दिली, आणि पाचवी जुमागी फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी आली. पाचवी झाली की आमंत्रणं संपली. पुढं लेक येते ती ईदला नाहीतर कारणाला, आणि कारण काढावं लागतं. फौजियानं, म्हणजे सदफच्या आईनं, सकाळपासून बिर्याणीचा घाट घातला होता. एहसान, जावई, गुडघे दुमडून जेवायला अंथरलेल्या दस्तरख्वानापाशी बसला होता आणि दोन्ही हातांनी वाटी घेत होता. शांत पोरगा, कधी आवाज चढवणार नाही असा. सदफ खीर घेऊन आली. वाढताना तिचा हात जलीलच्या तोंडासमोरून गेला आणि मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, काळं दिसलं. "हे काय गं?" फौजिया म्हणाली. "तेल उडलं," सदफ म्हणाली. त्यावर सगळ्यांनी जलीलकडं पाहिलं असं आता त्याला वाटत होतं. त्या वेळी कुणी पाहिलंही नसेल. पण जेवण चांगलं झालं होतं, जावई समोर होता, आणि जलीलला बोलायची हुक्की आली. त्यानं एहसानला क्लाउनची सगळी गोष्ट सांगितली. शेपूट कशी लावून बघतो, डंख कसा बसतो, आणि नव्या घरात थोडं लागतंच म्हणाला, आमच्या माशांना विचार, जाईल आपोआप. एहसान हसला. फौजिया भांडी उचलायला उठली. सदफच्या चेहऱ्यावर काय होतं हे आठवायचा जलीलनं नंतर पुष्कळदा प्रयत्न केला, पण त्याला आठवायची ती फक्त खिरीची वाटी आणि तिच्यावर तरंगणारा एक चारोळीचा दाणा.

त्या संध्याकाळी फौजिया ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि म्हणाली, "मला काय ते तेल वाटंना." जलील म्हणाला, "तुला काय कळतंय डागांतलं?" हे स्थळ जलीलनंच आणलं होतं. एहसानचे वडील त्याचे जुने दोस्त, आता हयात नाहीत. घरी आई इमामबी, स्वतःचं हॉटेल, हायवेला लागून, सहा माणसांना काम देणारं. सदफचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि ती म्हणाली होती, परीक्षा झाल्यावर बघू ना अब्बा. त्यावर तो म्हणाला होता, परीक्षा तिथूनही देता येते, मी माणसं ओळखतो. असं छातीवर हात ठेवून बोललेला माणूस दोन महिन्यांत आपला शब्द कसा गिळणार? म्हणून त्यानं बायकोला गप्प केलं. त्यानंतर दर रविवारी सदफचा फोन यायचा, बरं आहे म्हणायची, आणि जलीलशी बोलताना माशांची चौकशी करायची. मोठी खातीय का? धाकटा अजून थरथरतोय का? तो सगळं सांगायचा. नऊ वर्षांची असल्यापासून ती शाळा सुटली की दुकानात येऊन खाऱ्या टाकीपुढं बसायची, आणि त्यानंच तिला डाग बघायला शिकवलं होतं: मिठाच्या दाण्यासारखे पांढरे, गोल, म्हणजे रोग, कडा फाटलेली म्हणजे भांडण, काळं सारवल्यासारखं, म्हणजे डंख. गिऱ्हाइकापुढं ती हे धडाधडा म्हणून दाखवायची, आणि जलीलला त्या पोरीचा एवढा अभिमान वाटायचा की त्याला दुसरीकडं बघावं लागायचं.

डबीचं झाकण त्यानं परत लावलं. खायला न घालताच. मोठी क्लाउन काचेपाशी वाट बघत होती आणि त्याला हळूहळू, नको असताना, एक साधी गोष्ट कळत होती: ही काही नवी नव्हती. गेल्या गणपतीच्या आसपास ती ह्या फुलात शिरली होती. डाग तेव्हाच उठून गेले होते. आठ महिने जुन्या घरात कुणाला नव्यानं डंख बसतो? असं स्वतःला विचारून त्यानं लगेच स्वतःला उत्तरंही दिली. फूल वाढलं असेल, जागा बदलली असेल, एप्रिलचा उकाडा आहे. माणूस स्वतःला समजवायला बसला की त्याच्याइतका गोड बोलणारा दुसरा कुणी नसतो.

"जय भीम, जलीलभाई. मीठ आलं का?" दारातून आवाज आला. पासलीचा बाजीराव होता. तिकडं डोंगरात एका पुण्याच्या माणसाचं फार्महाऊस तो सांभाळायचा, आणि त्या माणसाच्या हौसेपायी भातशेती करणाऱ्या बाजीरावाला खाऱ्या पाण्याची टाकीही सांभाळावी लागायची. पायातल्या चपला दारात काढून, देवळात यावं तसा तो आत आला आणि टाकीपुढं उकिडवा बसला.

"आयला! हिला काळं कुठनं आलं?"

"फुलाचा डंख हाय. जाईल आपोआप."

"डंख?" बाजीरावानं मान वाकडी केली. "दिवाळीच्या आदीपास्नं फुलातच बघतोय की म्या हिला. आता कुठला डंख?"

जलील डबी फळीवर ठेवायला वळला.

"पाणी बघितलं का?" बाजीराव म्हणाला. त्यानं काही मुद्दाम विचारलं नव्हतं, आपलं सहज. "न्हाई म्हंजी, गेल्या साली आमच्याकडं काळं पडलं तवा तुमीच मला फोनवर झाडलं होतं. आदी पाणी बघ, मग मला फोटो धाड म्हणला. भाताचं रोप पिवळं पडलं तर आमीबी आदी वाफ्यातलं पाणीच बघतो, पानाकडं बघून काय कळतंय?"

खरं होतं. हे त्यानंच बाजीरावाला शिकवलं होतं. डाग दोन कारणांनी पडतो, डंखानं किंवा पाणी विषारी झाल्यानं, आणि काचेबाहेरून दोन्ही डाग हुबेहूब सारखे दिसतात. कुठला कुठला ते डागाकडं कितीही बघितलं तरी कळत नाही. पाणी तपासावं लागतं. जलीलनं मागच्या दोन महिन्यांत खारं पाणी एकदाही तपासलं नव्हतं, कारण तशी गरजच वाटली नव्हती. मासे खात होते, फूल फुललेलं होतं. आता त्यानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, पहिल्या बाटलीचे थेंब टाकले, मग दुसरीचे, बूच लावून हलवली आणि नळी उजेडाकडं धरली. पाणी पिवळं राहिलं पाहिजे. पाच मिनिटं थांबायचं असतं. बाजीराव त्याच्या खांद्यामागं उभा राहिला. दुसऱ्याच मिनिटाला पिवळ्यात हिरवं उतरायला लागलं, आणि पाच मिनिटांनी नळीत नुकत्या उगवलेल्या भाताचा रंग होता.

बाही दंडापर्यंत वर करून जलीलनं टाकीत हात घातला. फुलामागचा दगड हलवला तेव्हा वास आला, नासक्या अंड्याचा. फूल वरून फुललेलं होतं, पाकळ्या हलत होत्या, पण त्याचं खोड, दगडाला धरून बसलेला भाग, करडा होऊन सुटा सुटा झाला होता. किती दिवसांपासून सडत होतं कुणास ठाऊक. आणि त्यातच ते दोघं रोज रात्री जाऊन झोपत होते, कारण त्यांना दुसरं घर नव्हतं. "आरारारा," बाजीराव म्हणाला, आणि काही न सांगता त्यानं बादली आणून दिली. कालच कालवलेलं खारं पाणी पिंपात होतं म्हणून बरं. दोन्ही मासे बादलीत काढले, हवेचा पंप सोडला, फूल पिशवीत बांधून बाहेर टाकलं, टाकीतलं निम्मं पाणी उपसून नवं ओतलं. हे सगळं करताना जलीलचे हात नेहमीसारखेच चालत होते, नेमके, न सांडता. डोकं मात्र दुसरीकडं होतं. बाजीराव मीठ घेऊन निघाला तेव्हा जलील शटरची काठी हातात घेऊन उभा होता. "बंद करताय? आत्ता तर उघडलंय," बाजीराव म्हणाला. "शिवऱ्याला जाऊन येतो. लेकीकडं." "काय सणबिण हाय का?" "न्हाई," जलील म्हणाला, आणि त्यानं शटर खाली ओढलं.

त्यानं फौजियाला फोन लावला. दुपारी जेवायला येत नाही एवढंच सांगायचं होतं. पलीकडं कुकरची शिटी झाली, मग गॅस बंद झाल्याचा आवाज. "कुठं चाललाय?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. पलीकडं तिनं कपाट उघडलं. मग म्हणाली, "घरावरनं जा. दुसरं हेल्मेट घेऊन जा." तो गेला तेव्हा ती उंबऱ्यात हेल्मेट घेऊनच उभी होती, आतलं अस्तर पुसत. त्याच्या हातात देऊन ती आत वळली आणि तिनं दार लावून घेतलं.

भोर सोडलं की कापूरहोळपर्यंत रस्ता तसा शांत असतो. उन्हानं शेतं भाजून काढली होती, आंब्याखाली एसटीची वाट बघत बायका बसल्या होत्या. स्कूटर चालवताना माणूस एकटा असतो, त्याला कुणाशी गोड बोलता येत नाही. तेल उडतं ते थेंबांनी उडतं, असं जलीलच्या मनात आलं. आलं म्हणणंही खोटं. ते दोन महिने तिथंच होतं, त्यानं फक्त आज त्याच्याकडं मान वळवली. थेंब गोल पडतो. मोठा असला तर खाली ओघळतो, लांबट होतो, पण त्याची कड गोलच राहते. आणि शिंतोडे उडतात तेव्हा एक कधी नसतो, आजूबाजूला बारीक दोन-चार असतातच. सदफच्या हातावर बारीक काही नव्हतं. एकच डाग होता, दोन बोटं लांब, आणि त्याची एक कड पट्टीनं आखावी तशी सरळ होती. उकळत्या तेलाला सरळ कड कुठून येणार? सरळ कड लोखंडाला असते. हे त्यानं आज शोधून काढलं नव्हतं. खिरीची वाटी समोर आली तेव्हा, एका क्षणात, माशाच्या अंगावरून नजर फिरवावी तितक्या सवयीनं त्यानं तो डाग पाहिला होता, आणि त्याच्यातल्या दुकानदारानं, त्याच्यातल्या त्या हुशार माणसानं, हे तेल नव्हे असं त्याला सांगूनही टाकलं होतं. त्यानंतर त्यानं एहसानकडं पाहिलं होतं, आणि मग क्लाउनची गोष्ट सुरू केली होती. म्हणजे त्याला हुक्की आली नव्हती. त्याला ते झाकायचं होतं. नसरापूरच्या फाट्याजवळ एका टेम्पोनं त्याला इतक्या जवळून मागं टाकलं की स्कूटर थरथरली. त्यानं ती कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि वाहत्या हायवेकडं बघत थोडा वेळ उभा राहिला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. फक्त स्वतःची लाज वाटत होती, उघड्या अंगाला ऊन लागावं तशी, सगळीकडून.

शिवऱ्याला हॉटेलपुढं दोन ट्रक आणि एक ट्रॅव्हल्स उभी होती, जेवणाची वेळ झाली होती. पत्र्याच्या शेडखाली रस्त्याकडं तोंड करून मोठा तवा, त्याच्या शेजारी पाटावर बसून इमामबी कणकेचे गोळे करत होती, आणि तव्यापुढं सदफ उभी होती. डोक्यावरून दुपट्टा, आणि एप्रिलच्या उन्हात, त्या धगीपुढं, मनगटापर्यंत पूर्ण बाह्या. तिनं वर पाहिलं, बापाला ओळखलं, आणि परत तव्याकडं बघून परोठा उलटला. एहसान आत गल्ल्यावर होता, तो लगबगीनं उठून बाहेर आला, सलाम करून खुर्ची ओढून म्हणाला, "बसा, अब्बा."

"या की भाईजान!" इमामबी पदराला हात पुसत म्हणाली. "कळवायचं तरी. मटण टाकलं असतं."

"सदफला न्यायला आलोय," जलील उभ्याउभ्याच म्हणाला.

"का वो? काय झालं? फौजियाभाभी आजारी हायत का?"

हे किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं. आईच्या आजारपणाला मुलगी जाते, कुणाला काही विचारावं लागत नाही, कुणाचं तोंड पडत नाही, आणि आठ दिवसांनी परत आणून सोडताही येतं. जलीलच्या जिभेवर तो होकार येऊन बसला होता. "न्हाई," तो म्हणाला. "ती बरी हाय." मग तो तव्याच्या पलीकडून वळून सदफच्या शेजारी गेला. परातीच्या कडेला उलथणं टेकवलेलं होतं. त्यानं ते उचललं. पातं दोन बोटं रुंद, पुढची कड घासून घासून पातळ झालेली, सरळ. त्यानं ते तसंच हातात धरलं. कुणालाच काही विचारायची गरज पडली नाही. ट्रॅव्हल्समधली माणसं जेवत होती, कुणीतरी कांदा मागत होतं.

"भाईजान, शिकवावं लागतं," इमामबी हळू आवाजात म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, उलट समजूत होती. "परोठा जळला की जरा टेकवायचं, म्हंजी परत जळत न्हाई. रागानं न्हाई करत मी. आमालाबी असंच शिकवलं." आणि तिनं आपली बाही कोपरापर्यंत वर केली. उतारवयाच्या त्या सुरकुतलेल्या कातडीवर चार-पाच रेघा होत्या, आडव्या, नेमक्या. "तुमीच म्हणला न्हवं त्या दिवशी, जाईल आपोआप? एहसाननं सांगितलं मला. मला लई हलकं वाटलं तवा."

जलील त्या हाताकडं बघत राहिला. पस्तीस वर्षं झाली असतील. डाग गेले नव्हते. ते फक्त पांढरे झाले होते. त्याला ह्या बाईचा राग यायला हवा होता, तो आलाही, पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं, आणि तेच जास्त जड होतं: त्याच्या तोंडच्या दोन शब्दांनी ह्या घराला परवानगी दिली होती. "ते मी खोटं बोललो," तो म्हणाला. "चल, सदफ."

"अब्बा, गर्दीची वेळ हाय," एहसान म्हणाला. "उद्या मी स्वतः आणून सोडतो ना."

"तुला दिसत होतं का रे?"

एहसाननं खाली पाहिलं. "मी गल्ल्यावर असतो," तो म्हणाला. जलीलला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. पण बोलायला लागलो तर प्रत्येक शब्द आपल्यालाही लागू पडेल हे त्याला दिसत होतं. सदफनं तव्यावरचा परोठा काढून ताटात ठेवला, तो जळू दिला नाही. गॅस बंद केला. पिंपाच्या नळाखाली हात धुतले, दुपट्ट्याला पुसले. आत जाऊन काही घेऊन येईल म्हणून जलील थांबला, पण ती आत गेलीच नाही. सरळ येऊन स्कूटरपाशी उभी राहिली आणि तिनं हेल्मेटसाठी हात पुढं केला. इमामबी कणकेच्या परातीत हात ठेवून बसून होती. "आता माणसांना काय वाढू मी?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखर गोंधळलेला होता.

हायवेवर बोलता येत नाही. ट्रकांच्या आवाजात सदफ मागं बसली होती, उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवून, लहानपणी ठेवायची तसा, बोटं जरा रुतवून. त्या हाताचं ओझं जलीलला बरं वाटत होतं. आपण वेळेत पोचलो नाही, पण पोचलो, असं त्याला वाटायला लागलं होतं. घरी फौजिया असेल, परीक्षेचा फॉर्म पुढच्या वर्षी भरता येईल, लोक बोलतील तर बोलू देत. कापूरहोळला वळून भोरचा रस्ता लागला तशी गाड्यांची वर्दळ मागं राहिली आणि एकदम शांत झालं. सदफनं हेल्मेटची काच वर केली.

"अब्बा," ती म्हणाली. "पाचव्या जुमागीला मी बाही मुद्दाम वर केली होती."

जलीलनं वेग कमी केला.

"एहसान समोर होते म्हणून मी तेल म्हणाले. तेल म्हटलं तरी अब्बांना कळंल, असं वाटलं होतं. डाग बघायला तुमीच शिकवलं होतं ना." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. "तुमाला खरंच दिसलं न्हवतं का?"

न्हवतं दिसलं, म्हटलं असतं तर तिनं ते मानलं असतं. मानायलाच ती बसली होती, त्याला पाठीमागून ते कळत होतं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, दिवाणखान्यात उजेड कमी होता. बापाला दिसलं नाही, ह्याच्यावर ती पुढचं सगळं आयुष्य काढू शकली असती.

"दिसलं होतं," जलील म्हणाला.

पुढं दोन वळणं गेली. मग त्याच्या खांद्यावरचा हात उचलला गेला, आणि सीटमागच्या दांडीला धरल्याचा आवाज आला. रस्ता खराब होता, खड्डे होते, स्कूटर उडत होती. तो सांभाळून, अगदी हळू चालवत होता. भोर येईपर्यंत ती दांडीलाच धरून बसली.